आमच्या घराच्या चाव्या ऑफिसच्या कपाटात नकोत: सोसायटीच्या व्यवस्थापन समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
मुलुंड (पूर्व), मुंबई

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात लिफ्टशेजारच्या फलकावर तुम्ही परिपत्रक लावलंत. प्रत्येक घराच्या मुख्य दाराची एक जादा चावी पाकिटात घालायची, पाकिटावर फ्लॅट क्रमांक लिहायचा आणि ते सोसायटीच्या ऑफिसात जमा करायचं. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर मालकाने भाडेकरूच्या दाराचीही चावी द्यायची. नंतर पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा झाली. मी उठून हरकत घेतली, तेव्हा समोरून उत्तर आलं, "चावीवरून दोन मैत्रिणींचं काय झालं ते सगळ्या बिल्डिंगने पाहिलंय. म्हणूनच चावी त्रयस्थाकडे हवी."

त्या दोघींपैकी एक मी. दुसरी माझ्या पुढे तीन रांगा सोडून बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण तिची मान खाली गेलेली मला दिसली. मला राग आला, आणि तो माझ्यापेक्षा तिच्यासाठी जास्त आला. आमचं बोलणं बंद असलं तरी तिची अशी चारचौघांत शोभा व्हावी असं मला कधी वाटलं नव्हतं. आमच्या भांडणाचा दाखला देऊन तुम्ही नियम करणार असाल तर ते भांडण नेमकं कशावरून झालं ते माझ्याकडूनच ऐका.

आम्ही दोघी या इमारतीत साधारण एकाच सुमारास राहायला आलो. मी चौथ्या मजल्यावर, ती दुसऱ्या. मी फोर्टमधल्या बँकेत नोकरीला, सकाळी आठच्या आत घर सोडायचं. मुलगा लहान, दार लॅचचं. वाऱ्याने दार लागून मी दोनदा बाहेर अडकले, दोन्ही वेळा चावीवाल्याला बोलवावं लागलं. मग मी एक चावी तिला दिली आणि तिने तिची मला. माझी चावी लाल नाडीत ओवून तिने देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली होती. तिच्या घरी गेलं की आधी तिथेच नजर जायची आणि बरं वाटायचं.

२६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. दुपारीच गाड्या बंद झाल्या आणि आम्ही बँकेतच अडकलो. फोन लागत नव्हते. मुलगा नऊ वर्षांचा, शाळेत. रात्र मी टेबलावर डोकं ठेवून काढली. सकाळी निघाले, थोडं अंतर एका टेम्पोतून, बाकी सगळं चालत. घरी पोचायला दुपार उलटून गेली. दार उघडलं तर जेवणाच्या टेबलावर मीठदाणीखाली चिठ्ठी होती. तिचं ते तिरकं अक्षर. "मुलगा माझ्याकडे आहे. जेवलाय. त्याची गोधडी आणि दोन कपडे नेले. गॅस बंद करून गेले आहे. फ्रिजमधलं दूध मी घेतलं." दुधासकट सगळं लिहिलं होतं. ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. आमचं बोलणं बंद झाल्यावरही फेकवली नाही.

जादा चावीची किंमत काय असते हे मला तुम्ही समजावून सांगायला नको, ते एवढ्यासाठी सांगितलं. शेजाऱ्याकडे चावी असावी, असायलाच हवी, असं मी आजही म्हणते.

आता २०२३ कडे येते. त्या फेब्रुवारीत छातीत गाठ लागली म्हणून माझी बायॉप्सी झाली. रिपोर्ट यायला आठ दिवस होते. घरात एकटीने वाट बघत बसवेना, म्हणून नाशिकला बहिणीकडे गेले. मुलगा बंगळुरूला. त्याची तेव्हा नवी नोकरी होती. निश्चित काही कळल्याशिवाय त्याला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. मैत्रिणीलाही सांगितलं नव्हतं. तिची आई त्याच आजाराने गेली होती, आणि तिच्यापुढे तो शब्द काढायला माझी जीभ रेटेना. तिला एवढंच सांगितलं की मंगळवारी आणि शुक्रवारी तुळशीला पाणी घाल. हॉस्पिटलची फाइल टेबलावरच राहिली होती. माझं घर, माझं टेबल. झाकून ठेवावी असं डोक्यातही आलं नाही.

बुधवारी तिच्याकडे तिची वहिनी आली. मी नुकतंच स्वयंपाकघराचं काम करून घेतलं होतं, नवा ओटा, खाली ट्रॉल्या. ते दाखवायला ती वहिनीला वर घेऊन गेली. मला फोन केला नाही. केला असता तर मी "दाखव की" असंच म्हटलं असतं, आणि जरा थांबून "टेबलावरची फाइल तेवढी आत ठेव" असंही म्हटलं असतं. फाइल दोघींपैकी कोणी उघडली हे मी कधी विचारलं नाही. संध्याकाळी तिच्या मुलीने माझ्या मुलाला मेसेज केला, "काकू बऱ्या आहेत ना? आईने सांगितलं. काही लागलं तर कळव." रात्री साडेअकराला त्याचा मला फोन आला. तो रडत होता. पहिलं वाक्य होतं, "आई, तू मला का नाही सांगितलंस?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्याला कधी सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलेली असेन की नाही, हे सगळं माझ्या हातून गेलं होतं.

गाठ साधी निघाली. मी परत आले तर जिन्यात तीन बायकांनी थांबवून तब्येत विचारली. मग मी खाली तिच्याकडे गेले.

ती म्हणाली, "अगं, काळजीपोटी बोलले. मी परकी कधीपासून झाले?" मी म्हटलं, तू परकी नाहीस, पण विचारायचं होतंस. ती म्हणाली, "अठरा वर्षं चावी माझ्याकडे आहे. एक काडी तरी इकडची तिकडे झाली का?" हे खरंच होतं, झाली नव्हती. तिला वाटलं मी तिच्यावर चोरीचा आळ घेतेय. मला वाटलं, हिला मी काय म्हणतेय ते कळतच नाही. आवाज चढले. मी चावी परत मागितली. तिने खिळ्यावरून काढून लाल नाडीसकट माझ्या हातावर ठेवली. दुसऱ्या दिवशी मी तिची चावी पाकिटात घालून वॉचमनच्या हाती खाली पाठवली. ते माझं चुकलं. इतक्या वर्षांच्या मैत्रिणीची चावी वॉचमनकरवी पाठवायची नसते. तेव्हापासून लिफ्टमध्ये एकत्र आलो तर आम्ही दोघी मजल्यांच्या आकड्यांकडे बघतो.

हे झालं भांडण. यात चावी कोणाकडे होती यामुळे काहीच बिघडलं नाही. अठरा वर्षं ती योग्य माणसाकडे होती. न विचारता आत येण्याने बिघडलं. २००५ साली ती आत आली ती माझ्या मुलासाठी, आणि काय काय हलवलं ते लिहून गेली. २०२३ साली तुळशीच्या पाण्यासाठी दिलेली चावी तिने ओटा दाखवायला वापरली. चावी तीच, माणूसही तेच. मग ती चावी तिच्याकडून काढून ऑफिसच्या कपाटात ठेवल्याने काय सुधारणार? न विचारता आत येणारा माणूस तेवढा बदलेल, आणि तो माझ्या मुलाची गोधडी कुठे असते हे जाणणारा नसेल.

सभेत एक काका म्हणाले, प्रायव्हसी वगैरे फ्लॅटवाल्यांची नवी थेरं आहेत, आम्ही चाळीत दारं सताड उघडी टाकून राहिलो. काका, मीही गिरगावातल्या चाळीत वाढले. दहा बाय बाराची खोली, सात माणसं, समोर सामाईक गॅलरी. दार सकाळी उघडायचं ते रात्री निजतानाच लागायचं. पण दाराला पडदा असायचा, आईच्या जुन्या लुगड्याचा. त्या पडद्याबाहेर उभं राहून "आहात का हो घरात?" अशी हाक मारल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकत नसे. साखर मागायला आलेली शेजारीण असो की गणपतीच्या वर्गणीला आलेली मुलं, आतून "या" ऐकू येईपर्यंत सगळे बाहेर थांबायचे. मधल्या भिंतीतून पलीकडचं सगळं ऐकू यायचं. ऐकलेलं बोलून दाखवायचं नाही, हे आम्हा पोरांना चापट खाऊन कळलं होतं. गावी आजोळच्या घरातही तसंच. पाहुणा ओसरीवर, जवळचं माणूस माजघरात, आणि कोठीच्या खोलीत आजीला विचारल्याशिवाय घरच्या सुनाही जात नसत. आपल्याकडे हे सगळं होतं. दाराला लॅच आलं आणि हाक मारायची सवय गेली.

"ज्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्यांनी हरकत घेऊ नये," असं परिपत्रकाच्या शेवटी छापलंय. हे वाक्य मला फार लागलं. माझ्याकडे लपवण्यासारखं होतं. बायॉप्सीची फाइल होती. त्यात कोणतं पाप होतं? कोणाच्या घरात कर्जाची नोटीस असते, कोणाच्या घरात वकिलाची, कोणाच्या कपाटात मूल होण्यासाठीची औषधं. अशा गोष्टी वेळ आल्यावर, योग्य माणसाला, आपल्या तोंडाने सांगायच्या असतात.

कायद्याचं मी थोडकंच लिहिते. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने निकाल दिला की खासगीपणाचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. तो खटला कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी लढवला होता. त्याच्याही कितीतरी आधी, १९६२ साली, खरकसिंग खटल्यात याच न्यायालयाने पोलिसांना रात्री-अपरात्री घरी जाऊन माणूस आहे की नाही ते बघायची मुभा देणारा नियम रद्द केला. हे निकाल सरकारविरुद्धचे आहेत, सोसायटीला जसेच्या तसे लागू होतात असं मी म्हणत नाही. पण जी मुभा पोलिसांना मिळाली नाही ती आपल्या ऑफिसच्या मॅनेजरला असावी का, एवढं तरी विचारा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही सदनिकेची पाहणी करायची तर सभासदाला आधी कळवण्याची अट आहे.

तुमच्या दोन अडचणी खऱ्या आहेत, हे मला मान्य आहे. गेल्या पावसाळ्यात सहाव्या मजल्यावरच्या बंद घरात नळाची पाइप फुटली आणि खालच्या दोन घरांची छतं गेली. आणि तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा बाथरूममध्ये पडले, तीन तास तसेच होते.

आता या दोन्ही वेळी चावीचा काय उपयोग झाला असता ते बघू. पाइप फुटली त्या दिवशी गच्चीवर जाऊन टाकीखालचा त्या उभ्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला असता तर दहा मिनिटांत पाणी थांबलं असतं. तो बंद झाला नाही, कारण कोणता व्हॉल्व्ह कोणत्या लाइनचा हे फक्त जुन्या पंपवाल्याला माहीत होतं आणि तो सुट्टीवर गावी गेला होता. व्हॉल्व्हवर रंगाने आकडे घाला. मीटर रूममधल्या कटआउटवर फ्लॅट क्रमांक लिहा, त्यातले अर्धे पुसलेत. यासाठी कोणाच्याही घरात शिरायला नको. आणि आजोबांचं सांगायचं तर त्यांनी दाराला आतून कडी घातली होती, सेफ्टी डोअरला आतून कुलूप होतं. त्यांच्या मुलीकडे चावी होती, ती ठाण्याहून धावत आली, तरी दार उघडलं नाही. शेवटी १०१ ला फोन करून अग्निशमन दलाला बोलवावं लागलं, आणि त्यांनी दार तोडलं. आजोबांना चावीपेक्षा सकाळी एका फोनची गरज होती. इमारतीत एकटे राहणारे अकरा ज्येष्ठ आहेत. रोज सकाळी आठ वाजता त्यांना फोन करायचं काम मी घेते. आजपासून घेते. सभेच्या ठरावाची वाट बघणार नाही.

उलट चाव्यांचं ते कपाट काय करील याचा विचार झालेला दिसत नाही. ऑफिस संध्याकाळी सहाला बंद होतं, म्हणजे रात्री कपाटाची चावी वॉचमनकडे. एजन्सी दर चार-सहा महिन्यांनी वॉचमन बदलते. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींजवळ चार घरांच्या चाव्या आहेत, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची नाडी. एकीवरही फ्लॅट नंबर नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "ताई, चावी हरवली तर नुसती चावी जाऊ दे, घर जायला नको." त्या शाळा चौथीपर्यंत शिकल्या आहेत. तुमचं परिपत्रक सांगतं, पाकिटावर क्रमांक लिहा.

विम्याचंही बघा. घरफोडीच्या पॉलिसीत बहुतेक वेळा जबरीने आत शिरल्याची अट असते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशाच एका पॉलिसीच्या खटल्यात ती अट उचलून धरली. चावीने शांतपणे दार उघडून कोणी दागिने नेले तर तुटलेलं कुलूप कुठून दाखवायचं? आणि मग संशय कोणावर येणार? मॅनेजरवर, वॉचमनवर, तुम्हा प्रत्येकावर. ज्यांच्या घरी मी हळदीकुंकवाला जाते त्यांच्याकडे मला त्या नजरेने बघायचं नाही.

भाडेकरूंबद्दल कोणीच बोललं नाही, कारण सभेत त्यांना बसू देत नाहीत. पाचव्या मजल्यावर तीन मुली राहतात, अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर. लातूर, सांगली, चिपळूण अशा ठिकाणांहून नोकरीला आलेल्या. त्यांच्या दाराची एक चावी मालकाकडे, एक ब्रोकरकडे आहे असं त्यांना वाटतं. रात्री झोपताना त्या दाराला आतून खुर्ची लावतात. हे मला त्यांनीच सांगितलं, माझ्याकडे गोडाचा शिरा खायला आल्या होत्या तेव्हा. त्या दाराची तिसरी चावी तुम्ही मागताय. त्यांच्या आईवडिलांनी विचारलं तर तुमच्यापैकी कोण उत्तर देणार आहे?

माझी मागणी अशी. परिपत्रक मागे घ्या. त्याऐवजी प्रत्येक घराकडून ऑफिसने एकच गोष्ट लिहून घ्यावी: आपल्या घराची जादा चावी कोणाकडे आहे त्या माणसाचं नाव आणि फोन. तो माणूस इमारतीतला असो की भांडुपचा. वेळ आली तर आधी घरमालकाला किंवा भाडेकरूला फोन, मग चावीवाल्या माणसाला फोन, आणि दार उघडताना समितीतले दोघे सोबत. आत काय केलं, काय हलवलं, याची चिठ्ठी टेबलावर ठेवूनच बाहेर पडायचं. चिठ्ठीचा नमुना हवा असेल तर माझ्याकडे एक आहे. आणि ज्याला ऑफिसमध्ये चावी ठेवायचीच आहे त्याने खुशाल ठेवावी, पण ज्याला ठेवायची नाही त्याच्याकडून ती सक्तीने घेऊ नका. लपवण्याबद्दलचं ते वाक्य मात्र पुढच्या कोणत्याही कागदावर दिसू नये.

आणखी एक. पुढच्या सभेत आम्हा दोघींचा दाखला देऊ नका. ते आमचं आहे. तिच्या हातून चूक झाली, माझ्याही हातून झाली. ती जाहीर सभेत कामाला लावायची वस्तू नाही.

या पत्राची एक प्रत ऑफिसात पोच घेऊन दिली आहे. एक फलकावर लावायला देत आहे. तिसरी दुसऱ्या मजल्यावर द्यायची आहे. ती मी स्वतः घेऊन जाणार, बेल वाजवणार आणि आतून "ये" म्हणेपर्यंत बाहेर उभी राहणार.

आपली,
चौथ्या मजल्यावरची एक सभासद